बॅटरीची करवत आणि रुमालाखालचा हात

माझ्या जोडीदारानं मला फसवलं. दुकानदारानं नाही, कंपनीनं नाही, जोडीदारानं. दुकानदारानं फसवलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. दुकानदार फसवायला बघतो, आपण फसायचं नाकारतो आणि दोघंही आपापल्या घरी जाऊन जेवतो; बाजार म्हणतात तो हाच. पण हा माणूस माझ्या बाजूनं उभा होता.

प्रकरण लाकूड कापायच्या एका मशीनचं आहे, म्हणून ऐकणारे हसतात. माझा मुलगा पुण्याहून फोनवर हसला. म्हणाला, "एका चेनसॉवरून एवढा तमाशा? बाबा, बदलून घ्या आणि सोडून द्या." त्याला नोकरीत पगार मिळतो, सौदा कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. त्याला समजावण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी कधी एकदा तरी दुसऱ्याच्या शब्दावर मोठी वस्तू घरात आणली आहे, त्यांना कळेल.

मी बैलांचा व्यापार केला. सुरुवात दुसऱ्यांची जनावरं हाकण्यापासून झाली. नेसरीकडची जनावरं वाटेत मुक्काम करत वडगावच्या बाजाराला पोचवायची, तिथं पेंढीवर झोपायचं आणि मालक भाव करत असताना कडेला उभं राहून बघायचं, हे माझं शिक्षण. पुढं स्वतःचा पहिला बैल घेतला, तेव्हापासून हा जोडीदार माझ्याबरोबर. तोही माझ्यासारखाच, घरचं काही नसलेला. मी तापट, तो गार. मी बोलायचो, तो बघायचा.

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं धरून आकडा कळवतात. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असतात, पण आत काय चाललंय ते कुणालाही समजत नाही. ज्याला आम्ही रुमाल म्हणायचो तो खरं तर खांद्यावरचा टॉवेल. तो एकदा हातावर पडला की बाकीचा बाजार बाहेर राहतो.

आम्हा दोघांची त्यात आणखी एक खूण होती. मी जनावराचे दात बघायचो, त्याला चालवायचो, बसवून उठवायचो. तोवर जोडीदार गर्दीत फिरून त्या जनावराची चौकशी करून यायचा: कुणाच्या गोठ्यातलं, का विकायला काढलं, आधी कुणी घेऊन परत केलं का. मग सौद्याच्या आधी मी त्याचा हात रुमालाखाली घ्यायचो. त्यानं अंगठा दाबला तर खोड आहे, सोड. सगळा पंजा धरून दाबला तर निर्धास्त घे. एवढंच. वर तोंडानं आम्ही खोऱ्यानं खोटं बोलायचो. चांगल्या बैलाला म्हातारा म्हणायचो, धट्ट्याकट्ट्याला आजारी ठरवायचो. तो व्यापार होता. पण रुमालाखाली खोटं बोलायचं नाही, हा नियम. तो कुणी शिकवला नाही, कुणी मोडलाही नाही. भाव दोन पैसे इकडंतिकडं झाला तरी माणूस तरतो. ही खूण खोटी निघाली तर मारका नाहीतर बसका बैल दारात येऊन उभा राहतो. बसका म्हणजे दिसायला देखणा, पण भर नांगरटीत, नांगराच्या चालू तासातच बसणारा. मग शेपटी पिळा, पराणी टोचा, तो उठत नाही.

पुढं ट्रॅक्टर घरोघरी झाले, बैल कमी झाले. मी ट्रॉल्या भाड्यानं द्यायला लागलो, कोल्हापूरला कळंबा तळ्याच्या बाजूला जागा घेतली, घर बांधलं. जोडीदार तळ्याच्या पलीकडं, दोन म्हशींवर आणि थोड्या उसावर. येणंजाणं रोजचं.

घरात गिझर आहे, पण बायकोला आंघोळीचं पाणी बंबाचंच लागतं. गिझरचं पाणी अंगावरून नुसतंच वाहून जातं म्हणते. बंबाला लाकूड लागतं आणि लाकूड आमच्याच अंगणात आहे. कुंपणाला सुबाभूळ, मागं फणस आणि बंबाच्या पत्र्यावर सावली धरणारा आंबा. बरीच वर्षं मी कुऱ्हाडीनंच फांद्या तोडल्या. मग उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना, शर्ट घालतानासुद्धा बायकोला हाक मारायची पाळी.

मशीनवाले लाकूडतोडे बोलावले. आले, झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "मशीन आमचं, पेट्रोल आमचं, म्हंजे लाकूड बी आमचंच."

"आनि झाड कुणाचं?" मी विचारलं.

"झाड तुमचंच की, पावणं. ते कुठं नेतोय आम्ही?"

त्यांना मी फाटकाबाहेर काढलं आणि स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं.

पेट्रोलचं घ्यावं की बॅटरीचं, हा प्रश्न तिथं सुरू झाला. मी त्याच्या मागं बैल बघायला जावं तसा लागलो. तळ्याकाठच्या एका रोपवाटिकेत पेट्रोलचं मशीन होतं, ते चालवून बघितलं. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळून घालावं लागतं. दोरी हिसडून ओढायची, पहिल्यांदा ते नुसतं गुरगुरतं, मग खोकतं, मग एकदम अंगावर आल्यासारखं ओरडतं. धूर डोळ्यांत. पण एकदा चालू झालं की बुंधा असो की ओंडका, थांबत नाही. थांबलं तरी पेट्रोल ओतलं की पुन्हा तयार. मारक्या बैलाची जात. जवळ जाताना जपायचं, पण जुंपला की शेत उरकून देतो.

बॅटरीचं एका बंगल्यात बघितलं. वजनाला हलकं, बटण दाबलं की चालतं, सोडलं की गप्प. शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठत नाही. चेनला वंगण लागतं ते तेवढं घालायचं, बाकी काही नाही. मला ते आवडलं आणि म्हणूनच पटलं नाही. इतकं गरीब जनावर कुणी दाखवलं की मी आधी विचारतो, मग विकायला का काढलं? बंगल्यातल्या बाईंनी सांगितलं, बारीकसारीक फांद्यांना फारच छान. मोठ्या फांद्यांचं काय, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडं मोठी झाडंच नाहीत.

माझं मन पेट्रोलवर होतं. खांदा बॅटरीच्या बाजूनं होता. बायकोही. ती म्हणाली, "ती दोरी वढताना खांदा निखळला तर मी काय दवाखान्यात बंब पेटवू?"

जोडीदार संध्याकाळी चहाला आला तेव्हा हाच विषय चालला होता. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "बॅटरीचंच घे. आता दोरी वढायचं वय ऱ्हायलंय व्हय तुझं? आमच्या जावयाकडं हाय चांगलं. उद्या जाऊया."

त्याच्या जावयाचं उद्यमनगरात हत्यारांचं दुकान. हे मला माहीत होतं, त्यात लपवाछपवी काही नव्हती. लोक मला आता म्हणतात, जावयाचं दुकान म्हटल्यावर तुला कळायला हवं होतं. उलट आहे. देणाऱ्याच्या घरातला माणूस आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर याहून चांगला सौदा कुठला?

दुकानात गेल्यावर मी आधी पेट्रोलचंच मागितलं. जावयानं ते काउंटरवर ठेवलं. मी दोरी ओढली. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी तोंड वाकडं केलं नाही, पण जोडीदारानं ओळखलं.

"काय मर्दा, पेटतंय का न्हाय?"

"गार पडलंय."

"मशीन का खांदा?"

जावई हसला. मग त्यानं बॅटरीचं एक नवंकोरं खोकं काढलं. किंमत ऐकून मी उठायला लागलो. उठणं हे माझं पहिलं हत्यार. त्यानं मला हाताला धरून बसवलं आणि आतून दुसरं मशीन आणलं, खोक्याशिवाय. पिवळं, चेन फिरते ती पट्टी चकचकीत, चेन नवी.

"काका, हे डेमोचं हाय. गिऱ्हाइकाला नुसतं दाखवायला वापरलंय. मशीन तेच, बॅटरी तीच, भावात मातर लई फरक."

मी ते उचललं, उलटं केलं, वास घेतला. मुठीच्या खाली प्लास्टिक वितळून गोळा झाल्यासारखा डाग होता. बैलाच्या अंगावर डाग दिसला की व्यापारी पहिल्यांदा विचारतो, कशाचा? कारण बैलाला उगाच कुणी डागत नाही. दुखणं असतं म्हणून डागतात.

"ह्यो डाग कशाचा?"

"गोडाऊनमधला हाय, काका. पत्र्याला टेकून ऱ्हायलतं, ऊन लागलं."

"उन्हानं प्लास्टिक वितळालं? गोडाऊन कोल्हापुरात हाय का तव्यावर?"

"आता कुठंतरी लागलं असंल की."

"डाग असला की जनावराचा भाव पडतोय, जावईबापू."

"ह्यो बैल न्हाय, काका."

"बैल असता तर चालवून बघितला असता. ह्येला चालवता येत न्हाय म्हणून भाव आणखी पाड."

त्यानं बॅटरी लावून बटण दाबलं. चेन फिरली. दुकानातल्या एका फळीचा तुकडा लोण्यासारखा कापून दाखवला. मी पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. त्या डागाच्या जोरावर मी भाव बराच खाली आणला. वर जादा चेन घेतली, वंगणाचा डबा घेतला, हातमोजे घेतले, डोळ्यांचा चष्मा घेतला. शेवटी जावई हात जोडून म्हणाला, "काका, आता मला बी घेऊन जावा घरी, तेवढंच ऱ्हायलंय."

या सगळ्या वेळात जोडीदार गप्प होता. नटबोल्टांच्या डब्यांकडं बघत उभा होता. मी बोलायचं आणि त्यानं बघायचं, ही आमची जुनीच रीत, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

पैसे काढायच्या आधी मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याचा हात हातात घेऊन वर टाकला.

"आरं, आता काय बैल घ्यालाईस काय हितं?" तो हसला. जावयाला काहीच कळलं नाही, तो बिल करण्यात गुंतला होता.

मी हात सोडला नाही. मी काय विचारतोय ते त्याला माहीत होतं. तो थोडा थांबला. मग त्यानं माझा सगळा पंजा धरला आणि दाबला. चांगला घट्ट.

मी मशीन घेतलं.

सुरुवातीला काही तक्रार नव्हती. कुंपणाची सुबाभूळ मी उभ्या उभ्या उरकली. बायकोनंही चालवून बघितलं. आवाज नाही, धूर नाही. ती शेजारणींना बोलावून दाखवायला लागली. मीही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो की पेट्रोलच्या नादाला लागू नका, आता ते दिवस गेले. मी ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी एकानं बॅटरीचं घेतलंसुद्धा.

मग वळीव आला. आमच्याकडचा वळीव कसा येतो ते सांगायला नको. संध्याकाळी धुळीचा लोट उठला, पत्रे वाजले, गारा पडल्या आणि आंब्याची एक मोठी फांदी बुडख्यातून तडकून बंबाच्या पत्र्यावर ओणवी झाली. पडली नाही. अर्धवट झाडाला, अर्धवट हवेत. सकाळी बघितलं तर वाऱ्याच्या झुळकीसरशी करकरत होती. खाली बंब, त्याच्याजवळ बायकोची रोजची ऊठबस. लाइट रात्रीच गेलेली.

मी ठरवलं, फांदी शेंड्याकडून थोडी थोडी कमी करत यायची, म्हणजे भार हलका होईल. वरच्या फांदीवरून दोर टाकला, त्याचं एक टोक तडकलेल्या फांदीला बांधलं आणि दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं. "मी सांगितल्यावर हळूहळू सोड," म्हणालो. मशीनवरचे बॅटरीचे दिवे बघितले. सगळे हिरवे. शिडीवर चढलो.

शेंड्याकडचं उतरलं. आता मांडीएवढी जाड फांदी उरली. चेन आत शिरली, भुसा उडायला लागला. निम्म्यावर गेलं आणि मशीन बसलं. आचका नाही, गुरगुर नाही. बसलं. बटण दाबलं, काही नाही. दिवे बघितले, एकही नाही. आताच सगळे होते. पट्टी फांदीत अडकलेली. मी बॅटरी काढून पुन्हा घातली. चेन दोन बोटं फिरली आणि पुन्हा गप्प.

"काय झालं वो?" खालून बायको.

"बसलं."

"मग चार्जिंगला लावा की."

"लाइट हाय व्हय?"

ती म्हणाली, "तुमी आदी खाली या."

पेट्रोलचं असतं तर मी डब्यातलं पेट्रोल ओतलं असतं आणि पाच मिनिटांत काम झालं असतं. वादळानंतरच लाकूड कापायची वेळ येते आणि वादळानंतरच लाइट जाते. एवढी साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती असं कुणी म्हणू नये. घेतली होती. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आमच्या असल्या कामाला पुरते, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. चांगली बॅटरी पुरतेही. ती चांगली आहे का, एवढंच मी रुमालाखाली विचारलं होतं.

मी शिडीच्या मधल्या पायरीवर आलो तेव्हा फांदीनं मोठा आवाज केला. बायकोला मी ओरडून सांगितलं, "सोड! दोर सोड!" तिनं सोडला नाही. मी अजून शिडीवर आहे, फांदी माझ्याकडं फिरेल, असं तिला वाटलं. तिनं दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि ते सगळं वजन तिच्या तळहातांतून सरकत गेलं. फांदी खाली आली, पत्रा दुमडला, बंब आडवा झाला. आंब्याचं साल माणसाच्या उंचीएवढं सोलून निघालं. आणि बायकोच्या दोन्ही तळव्यांची कातडी दोराबरोबर गेली.

दवाखान्यातून आलो. तिचे हात पांढऱ्या पट्ट्यांत. शेजारीण भाकरी देऊन गेली. मी तिला भरवली. तेव्हाही माझ्या मनात जोडीदाराविषयी काही नव्हतं. मशीन बिघडलं असेल, नशीब. मी ते पोत्यात घातलं आणि तळ्याला वळसा घालून त्याच्या घरी निघालो, ते यासाठी की त्यानं जावयाला सांगून बॅटरी बदलून द्यावी. मी एकटा दुकानात गेलो असतो तर भांडण झालं असतं. लेकीचं घर आहे, मधल्या माणसामार्फत गेलेलं बरं, असा विचार मी केला. मी त्याची अब्रू सांभाळायला निघालो होतो.

तो गोठ्यात धार काढत होता. त्याची बायको, म्हणजे आमच्या वैनी, दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पोतं उघडून मशीन ओट्यावर ठेवलं.

"या बया," वैनी म्हणाल्या, "ह्ये परत आलं व्हय आमच्याकडं?"

"परत म्हंजे?"

"भाऊजी, ह्ये आमचंच न्हवं का? जावयांनी दिवाळीला दिलतं. ह्यो बघा की डाग. ह्यांनी तापल्या बंबाला टेकवून ठिवलं आन मी बोंब मारस्तोवर चिकटलं." त्यांनी बोटानं तो डाग चाचपला. "फनसाची फांदी कापताना मधीच बसलं. दोन येळा बसलं. म्हून मग ह्यांनीच दुकानात परत नेऊन दिलं. तुमी कुठनं आणलं?"

त्यांना काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी तिथंच उभा राहिलो.

जोडीदार चरवी घेऊन बाहेर आला. ओट्यावरचं मशीन बघितलं. वैनींकडं बघितलं. चरवी खाली ठेवली.

"वैनी, तुमी आत जावा," मी म्हणालो.

"का वो? काय झालं?"

"जा आत," तो म्हणाला.

त्या गेल्या, पण दाराच्या आडच उभ्या होत्या. मी विचारलं, "बसकं हाय, तुला म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं."

"आनि पंजा दाबलास?"

"आरं, जावयानं बॅटरी दुरुस्त करून घेतली म्हणून सांगितलतं."

"दुरुस्त केल्याली तू बघितलीस?"

तो खांद्यावरच्या टॉवेलानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "लेकीचं घर हाय ते. जावई तिला उठताबसता टोमणं मारतोय, तुझ्या बापानं जल्मभर बाजार केला, माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक आणून दावलं न्हाई. पोरगी रडून गेलती दिवाळीला. ते मशीन त्याच्याकडं पडून हुतं. मी काय करायचं हुतं?"

"मला सांगायचं हुतंस. मशीनला खोड हाय, पण लेकीसाठी घे. मी घेतलं असतं."

"तू?" तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "तू घेतलं असतंस? खोड सांगितली असती तर तू ते फुकट मागितलं असतंस, वर चेन मागितली असतीस, डबा मागितला असतास आनि जावयालाच चार शिव्या घातल्या असत्यास. जावयाम्होरं माझी काय किंमत ऱ्हायली असती?"

"भाव पाडणं माझा धंदा हाय. खोटी खूण देणं तुझा हाय व्हय?"

"एका करवतीपायी—"

"तिच्या हाताची कातडी गेली!" मी ओरडलो. त्याच्या म्हशी दाव्याला हिसके द्यायला लागल्या.

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पडला. "वैनीस्नी लागलं? किती लागलं?" असं विचारत तो चपला शोधायला लागला, माझ्याबरोबर यायला. मी त्याला फाटकाशी अडवलं. म्हणालो, माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.

त्यानंतर जावई घरी आला. नवीन बॅटरी घेऊन, खोक्यातली, सील न फोडलेली. बायकोच्या पाया पडला. "काकी, चूक झाली," म्हणाला. बॅटरी मी ठेवून घेतली. ती माझ्या हक्काची आहे, मी भाव पाडला म्हणून माल सडका घ्यायचा असा कायदा नाही. नव्या बॅटरीवर ते मशीन चांगलं चालतं. आंब्याची उरलेली फांदी मी त्यानंच कापली. तेव्हा मशीनचा प्रश्न मिटला आणि जावयावर माझा राग नाही. तो पलीकडच्या बाजूला उभा होता आणि पलीकडच्या माणसानं जे करायचं तेच त्यानं केलं.

बायको म्हणते, तुमच्या जोडीदाराला बोलवा. तिचे हात बरे होत आलेत, भाकरी थापताना अजून ताण बसतो. तिनं त्याला माफ केलं आहे. तिला ते सोपं आहे. तिचं नुकसान हातांवर दिसतं आणि ते भरून येतं.

माझं तसं नाही. रात्री नाही, भर दिवसा, ट्रॉलीचा टायर बदलताना किंवा भाजी घेताना, मला एकेक बैल आठवतो. नेसरीचा एक पांढरा खोंड होता, रुंद कपाळ, पाय असे की जमिनीला लागतात की नाही. मला तो मनापासून हवा होता. जोडीदारानं अंगठा दाबला. मी सोडला. पुढच्या हंगामात तोच खोंड त्याच्या मावसभावाच्या औताला दिसला. मी विचारलं तर म्हणाला, "मी त्याला बी सांगितलतं, ऐकलं न्हाई." मी हसलो होतो. मावसभाऊ मूर्ख आहे म्हणालो होतो. तो खोंड किती वर्षं त्या औतावर राबला! एकदाही बसल्याचं ऐकलं नाही.

एक तांबडी जोडी होती. त्यानं पंजा दाबला म्हणून मी घेतली आणि त्यातला डावा बैल पावसाळ्यात मेला. तेव्हा आम्ही दोघं त्याच्या दावणीशी बसलो होतो, तो माझ्याहून जास्त रडला होता. जनावर मरतं, त्यात कुणाचा दोष नसतो, असं मी धरून चाललो. आता मला प्रश्न पडतो, तो कशासाठी रडत होता?

त्यानं हे वाचायचं टाळलं तरी वैनी वाचतील, म्हणून मी त्यांच्यामार्फतच त्याला विचारतो. चेनसॉचं मी विचारत नाही, ते मला कळलं. लेकीसाठी माणूस काय करतो तेही मला कळतं, मलाही लेकरं आहेत. पण ती लेक जन्मायच्याही आधीपासून मी तुझा हात धरतोय. नेसरीच्या खोंडाला खोड होती की नव्हती? तांबड्या जोडीचं तुला काय माहीत होतं? आणि ज्या जनावरांची नावंही आता मला आठवत नाहीत, त्यांचं काय? खरं किती वेळा सांगितलंस? एकदाच खोटं बोलला असशील तर तसं तोंडानं सांग, मी ऐकून घेईन. जास्त वेळा असेल तर तेही सांग. पण गप्प बसू नकोस. वैनी, तुम्ही त्याला समोर बसवा आणि विचारा. मला उत्तर पाहिजे, आणि ते त्याच्याकडूनच पाहिजे.